टेकू

आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलताना दाणा निसटला की तो खिडकीकडे जातो. कुठेही पडू दे, क्षणभर थबकतो आणि मग खिडकीकडेच निघतो. तव्यावरचं धिरडं एका कडेला जाड होतं, दुसऱ्या कडेला करपतं. घर भाड्याने घेताना दाखवायला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, "या भागात सगळीच घरं थोडी कलंडलेली आहेत, होईल सवय." झाली सवय. एसेनच्या उत्तर भागात राहायला आलो त्याला चार वर्षं झाली. त्या उताराचा विचारही मनात येईनासा झाला होता.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. पहिल्याच सकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवला तर ते कप उचलायचं सोडून कपातल्या चहाकडे बघत बसले.

"साखर कमी आहे का बाबा?"

"साखर बरोबर हाय. जमीन बसली हाय इथं." त्यांनी टाचेने लाकडी फरशी दोनदा ठोकली. "खाली खदान असन."

मी त्यांना तोवर काहीच सांगितलं नव्हतं. लेक जर्मनीत कॉम्प्युटरचं काम करते, एवढंच त्यांच्या डोक्यात.

बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत खदानीत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी टिंबर मिस्त्री म्हणून. कोळसा काढून घेतला की वरचं छत अधांतरी राहतं, त्याला लाकडाचे टेकू द्यायचे, हे त्यांचं काम. टेकू देण्याआधी सळईने छत ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजलं तर थर धरून आहे, बद्द वाजलं तर सुटलाय. ही सवय त्यांच्या अंगातून गेलीच नाही. कुणाच्या लग्नाला गेले तरी कार्यालयात शिरताना आधी वर बघतात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची.

तर त्या उन्हाळ्यात मी बाबांना रूर दाखवायला नेलं असं म्हणायला हवं. झालं उलटंच.

डुइसबुर्गपासून डॉर्टमुंडपर्यंतचा हा सगळा पट्टा एकमेकांना चिकटलेल्या शहरांचा आहे. कोणतं कुठे संपतं ते ट्राममधल्या पाटीवरूनच कळतं. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला शहर म्हटलं की आधी एखादी पेठ, देऊळ, नदीचा घाट आठवतो. मग त्याभोवती वस्ती. इथे बहुतेक ठिकाणी आधी शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, खणला गेला. शाफ्टजवळ कामगारांच्या घरांच्या रांगा, रांगेजवळ चर्च, मागून रेल्वे. खाणी जशा दक्षिणेकडून उत्तरेला, उथळ थरांकडून खोल थरांकडे सरकल्या, तशी शहरंही सरकली. त्यामुळे इथल्या बऱ्याच गावांना मध्यच नाही. मला पहिल्या वर्षी हे फार खुपायचं. आमच्याकडे चंद्रपूरला निदान किल्ल्याची वेस आणि महाकालीचं देऊळ आहे. खदानी त्यानंतर आल्या.

झोलफेराइन आमच्या घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर आहे. 'जगातली सगळ्यात सुंदर कोळसा खाण' असं तिला म्हणतात, आणि खोटं नाही ते. खाण १८४७ सालची, पण लोक बघायला येतात तो शाफ्ट बारा १९३२ मध्ये सुरू झाला. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर हे दोघे वास्तुरचनाकार. तांबड्या रंगाची पोलादी चौकट, तिच्या चौकोनांत भरलेल्या विटा, सगळ्या इमारती काटकोनात, आणि समोरच्या चौकाच्या टोकाला ५५ मीटर उंच दुहेरी पायांचा मनोरा, वर चाकं. कुठे नक्षी नाही, कुठे कमान नाही. दिवसाला १२,००० टन कोळसा वर यायचा. २३ डिसेंबर १९८६ ला काम थांबलं. पाडून टाकण्याऐवजी राज्य सरकारने जागा विकत घेतली, आणि २००१ मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

बाबा चौकात उभे राहून मान वर करून चाकं बघत होते. मग म्हणाले, "माणसं कोठून जात होती खाली?"

मी अनेकदा इथे आले होते, पाहुण्यांना फिरवलं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शोधलं तेव्हा कळलं. शाफ्ट बारामधून फक्त कोळसा वर यायचा. माणसं खाली जायची ती आजूबाजूच्या जुन्या शाफ्टमधून.

"म्हणजे पुढचं दार कोळशाले आन मागचं दार माणसाले." बाबांना त्यात वाईट काही वाटलं नाही. ते एखादं यंत्र समजल्यासारखे समाधानाने हसले. मी मात्र तो देखणा चौक त्यानंतर पूर्वीसारखा बघू शकले नाही.

मग त्यांनी भिंत ठोकली. पहारेकऱ्याने बघितलं, मी कसनुशी हसले. भिंत अर्ध्या विटेची आहे, भार काहीच उचलत नाही, सगळा भार आतल्या पोलादावर. बाबांना ते आवाजावरूनच कळलं. "हे नुसतं लुगडं हाय," ते म्हणाले.

कोळसा धुण्याच्या इमारतीत २०१० पासून रूर संग्रहालय आहे. आत जायला ५८ मीटर लांबीचा, नारिंगी उजेडाने पेटलेला सरकता जिना लावलाय. डच वास्तुरचनाकार रेम कोल्हास यांच्या कार्यालयाची ती करामत. जिना थेट २४ मीटर उंचीवर सोडतो आणि संग्रहालय वरून खाली बघत यायचं असतं. हे मला चलाखी वाटायचं. बाबांनी समजावलं. पट्ट्यावरून कोळसा आधी सगळ्यात वर न्यायचा, मग तो आपल्या वजनाने एकेका यंत्रातून खाली उतरतो. दगड वेगळा, कोळसा वेगळा. म्हणजे पाहुणा कोळशाच्या वाटेने चालतो. पाच वेळा ती वाट चालूनही हे मला उमगलं नव्हतं.

तरी एक सांगते, मला झोलफेराइन जरा जास्तच स्वच्छ वाटतं. नवरा-नवरी फोटो काढायला येतात, हिवाळ्यात कोळशाचा कोक करायच्या जुन्या भट्ट्यांलगत बर्फावर घसरायला जागाही केली गेलीय. बाबांना जागा आवडली, पण परत येताना ते एवढंच म्हणाले, "वास नाही राह्यला."

डॉर्टमुंडच्या झोलर्न खाणीत त्यांचा जीव रमला. ही आधीच्या पिढीची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तेव्हा मालकांना खाण राजवाड्यासारखी दिसायला हवी होती, म्हणून विटांच्या इमारतींना किल्ल्यासारखे कंगोरे आणि कळस. यंत्रशाळेचं दार तर रंगीत काचांचं, वेलबुट्टीच्या वळणांचं, आत संगमरवराचा स्विचबोर्ड. ही यंत्रशाळा १९६९ मध्ये पाडायला निघाले होते. बर्न्ड आणि हिला बेखर हे छायाचित्रकार दांपत्य आणि आणखी काही जण मध्ये पडले, आणि कारखान्याची इमारतही जपण्यासारखी असते हे जर्मनीत तिथून मान्य व्हायला लागलं. तोवर स्मारक म्हणजे चर्च नाहीतर किल्ला.

पण बाबा थांबले ते कपडे बदलायच्या दालनात. उंच छत, आणि छतापासून शेकडो साखळ्या लोंबतात. प्रत्येक साखळीला आकडे आणि एक टोपली. कामगाराने घरचे कपडे आकड्याला लटकवायचे, साखळी ओढून ती मोळी छताला न्यायची आणि खाली साखळीला कुलूप लावायचं. वरच्या गरम हवेत ओले कपडे वाळतात, जागा अडत नाही, चोरी होत नाही. बाबांनी एक साखळी हातात धरून हळूच ओढली. वर कुठेतरी कप्पी कुरकुरली.

"आमी खिळ्याले टांगत होतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने: "हे पाहिजे होतं."

शेजारी बिल्ल्यांची फळी होती. खाली जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला न्यायचा, वर आल्यावर परत टांगायचा. पाळी संपल्यावर एखादा खिळा रिकामा दिसला की एक माणूस अजून खाली आहे. या फळीजवळ बाबा अजिबात थांबले नाहीत. मीही काही विचारलं नाही.

संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. या टपऱ्या रूरची खास चीज. पूर्वी इथलं नळाचं पाणी भरवशाचं नव्हतं, म्हणून खाणकामगारांना सोडावॉटर विकायला ठेले निघाले, ते आज बिअर, सिगारेटी, गोळ्या-चॉकलेटं विकतात. तिथे एक म्हातारे तुर्की काका रोज उभे असतात. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून जी माणसं कामाला आली, त्यांच्यातले. त्यांच्याआधी पोलंडकडून आले होते; इथल्या टेलिफोन डिरेक्टरीत अजून त्यांची आडनावं सापडतात. मी ओळख करून दिली: हे माझे वडील, भारतात खाणीत होते. काकांनी बाबांचा हात हातात घेतला आणि उलटा केला. बाबांच्या मनगटाजवळ निळसर रेघ आहे, गोंदणासारखी. जखमेत कोळशाची भुकटी राहिली की कातडी तिच्यावरून भरून येते आणि रंग आत अडकतो. लहानपणी मला वाटायचं आजीने त्यांना गोंदून घ्यायला लावलं असेल. काकांनी आपली बाही वर केली. कोपराजवळ तसल्याच दोन रेघा. मग काकांनी भुवईवरची एक दाखवली. बाबांनी सदऱ्याचं वरचं बटण काढून खांद्यावरची दाखवली. एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नसताना ही दोन म्हातारी माणसं पंधरा मिनिटं जखमा मोजत होती. निघताना काका म्हणाले, "ग्लुक आउफ." खाणकामगारांचा रामराम, सुखरूप वर या, असा त्यातला भाव. बाबांनी तो शब्द घरी येईपर्यंत घोकला.

त्या रात्री मी त्यांना हे घर का कललंय ते सांगितलं, तर त्यांनी मलाच उलटतपासणीला घेतलं. कोळसा काढल्यावर पोकळीत काय भरलं? आमच्याकडे नदीची वाळू पाण्याबरोबर खाली सोडून पोकळी भरतात. आमच्याकडे कोळशाचेच खांब ठेवत पुढे जातात. इथे?

इथे शेवटच्या काही दशकांत बहुतेक ठिकाणी काहीच भरलं नाही. एका लांबलचक तोंडावर कोळसा कापत जायचं, वर पोलादी ढालींसारखे आधार, आणि ते आधार यंत्रानेच पुढे सरकवत न्यायचे. मागचं छत कोसळू द्यायचं. ते मुद्दामच. हजार मीटर खालची ती पोकळी हळूहळू वर चढते आणि शेवटी एखाद्या स्वयंपाकघरातला मटार खिडकीकडे जायला लागतो. या पट्ट्यात काही ठिकाणी जमीन २० मीटरहून जास्त खाली गेली आहे. सहा-सात मजली इमारतीएवढी. आणि त्यावर माणसं राहतच होती.

"टेकू काढून घेत पुढे जात होते?" बाबांना हे झेपेना. "आन वरच्या घरायले कोणं सांगतलं?"

घरांना सांगायला एक शब्द आहे, बेर्गशाडेन, खाणीमुळे झालेली हानी. घर विकताना, घेताना तो कागदावर येतो. भरपाईचे नियम आहेत, कार्यालयं आहेत. भेगा बुजवून मिळतात, फार कललेलं घर जॅक लावून उचलूनही देतात. मला आमच्या जिल्ह्यातलं घुग्घुस आठवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या वस्तीतलं एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. आतली माणसं आधीच बाहेर पळाली म्हणून वाचली. बाबांनाही तेच आठवलं असणार, कारण ते म्हणाले, "तिथं कागदच नव्हता."

जमीन खचली की पाणी वाट विसरतं. एम्शर नावाची इथली नदी हे त्याचं सगळ्यात लांबलचक उदाहरण. जमिनीखाली गटाराचे नळ घालावेत तर जमीन बसून ते फुटणार. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या शहरांचं सांडपाणी उघड्यावर एम्शरमध्येच सोडायचं ठरलं. नदी सरळ केली, सिमेंटच्या पन्हळीत बसवली, दोन्ही बाजूंना कुंपण. जमीन आणखी खचत गेली तसं नदीचं ऱ्हाइनला मिळणारं मुखही दोनदा उत्तरेकडे हलवावं लागलं. एक अख्खी नदी, जिला शंभर वर्षं कुणी हात लावला नाही. तिच्या ओढ्यांना इथली माणसं जे नाव घेतात त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'लेंडीओहळ'. खाणी उत्तरेला सरकल्यावरच भूमिगत नळ घालता येणार होते. १९९२ पासून काम सुरू झालं, पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला, आणि २०२१ च्या अखेरीला एम्शरमधून शेवटचं सांडपाणी बाहेर पडलं. आम्ही काठाने चालत गेलो. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ. एक बाई कुत्र्याला त्यात खेळवत होती. बाबांना पंपाचं घर दिसलं.

"हा काहून चालू हाय? खदान तं बंद झाली."

रूरमधली शेवटची कोळसा खाण, बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. शेवटचा ढेकळाएवढा कोळसा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात दिला, बँड वाजला, पुरुष रडले. पंप मात्र बंद करता येत नाहीत. जमीन खचून मोठमोठ्या वाट्या तयार झाल्यात, तिथलं पाणी आपल्या पायाने नदीपर्यंत जाऊच शकत नाही. पंप थांबले तर वस्त्यांच्या जागी तळी होतील. आणि खालच्या जुन्या बोगद्यांतलं खारं पाणीही पिण्याच्या पाण्याच्या थराला भिडू न देता उपसत राहायला हवं. यासाठी २००७ मध्ये एक न्यास स्थापन झाला. दरवर्षीचे कोट्यवधी युरो आता तो भरतो. या खर्चाला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ 'अनंतकाळाची ओझी'. हिशेबाच्या वहीत 'अनंतकाळ' असा रकाना असलेला दुसरा धंदा मला ठाऊक नाही.

बाबा पंपघराच्या कुंपणाला टेकून बराच वेळ तो आवाज ऐकत राहिले. "हाबी टेकूच हाय," ते म्हणाले.

टेकूंचं लाकूड कुठून यायचं, हेही त्यांनी मला शोधायला लावलं. लाकूड तुटण्याआधी करकरतं, माणसाला पळायला वेळ देतं. लोखंड बोलत नाही. इथले जुने कामगारही हेच सांगतात. त्यामुळे कोळशाने फक्त खाणीजवळचीच भूमी बदलली असं नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांदमध्ये मैलोन्मैल सरळसोट पाइन उभे आहेत. त्यांचे सोट जहाजाने वेल्सच्या खाणींत जायचे आणि जहाजं येताना कोळसा आणायची. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड पुरेना, खाणींच्या टेकूंनाही, म्हणून १९१९ मध्ये त्यांनी सरकारी वनखातं काढलं. जमिनीत पुरण्यासाठी वाढवलेली जंगलं. बाबांनी आयुष्यभर साल वृक्षाच्या लाकडाचे टेकू लावले. ते झाड कुठे वाढतं हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं म्हणे.

खालून जे वर आलं आणि कोळसा नव्हतं, त्याच्या टेकड्या झाल्या. सुरुवातीच्या शंकूसारख्या, पण शंकू घसरतात आणि आतून पेटतात. वेल्सच्या अॅबरफानमध्ये २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी झऱ्यावर रचलेला असा एक ढिगारा शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. रूरमधल्या पुढच्या टेकड्या टेबलासारख्या सपाट रचल्या, आणि त्यानंतरच्या तर खऱ्याखुऱ्या डोंगरासारख्या घडवल्या, झाडं लावून. उत्तर फ्रान्समध्ये लूस-आं-गोएलचे जुळे शंकू अजून उभे आहेत, माथा समुद्रसपाटीपासून १८६ मीटरवर.

बोट्रोपच्या हानिएल टेकडीवर आम्ही शेवटच्या रविवारी चढलो. माथ्यावर बास्क कलाकार अगुस्तिन इबारोला याने शंभराहून जास्त जुने रेल्वेचे स्लीपर रंगवून उभे केलेत, एका रांगेत, वाऱ्यात. बर्लिनहून आलेल्या एका मैत्रिणीला ते आदिवासी देवखांबांसारखे वाटले होते. बाबा एकेकाजवळ जाऊन ठोकून आले.

"टेकू तं बरोबर लावले," म्हणाले, "पण छत कुठी हाय?"

उतरताना त्यांनी एक काळा चपटा दगड उचलला आणि नखाने थर उकलला. आत नेच्याचं पान, बारीक दातेरी, काल गळून पडल्यासारखं. त्यांच्याही खदानीत छताला पानं दिसायची, पण वेगळी: लांब, जिभेच्या आकाराची, मधोमध शीर. मी घरी येऊन वाचलं. त्या पानांचं नावच ग्लॉसॉप्टेरिस, म्हणजे जीभ-नेचा. रूरचा कोळसा कार्बोनिफेरस काळातला, सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींचा, तेव्हा ही भूमी विषुववृत्ताजवळ होती. चंद्रपूरचा त्यानंतरच्या पर्मियन काळातला, गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडातल्या थंड प्रदेशातला. आपली भूमी तेव्हा पार दक्षिणेला होती. म्हणजे उकाड्याचं गाव हे, आणि थंडीचं आमचं. बाबा यावर खूप हसले. त्या आठवड्यात चंद्रपूरला ४६ अंश होते.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा चार घड्या घालून जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली सारला. ताटात पाणी घेऊन टेबलावर ठेवलं, डोळा ताटाच्या पातळीला आणून बघितलं, अर्धी घडी कमी केली. मग खिडकीजवळच्या भिंतीतली केसाएवढी भेग शोधली. ती जिथे संपते तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली.

"पुढच्या खेपेले पाहू, कुठवर आली ते."

घर भाड्याचं आहे. रेघ दिसू नये म्हणून मी तिच्यावर कालनिर्णय टांगलंय. महिन्याचं पान उलटताना ते जरा बाजूला करून बघते.